राज्य कुणावर?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पाथर्डी फाट्याजवळच्या सात मजली सोसायटीत राहतात. मुलगा नऊ वर्षांचा. आठवड्यातल्या चार संध्याकाळी क्लास, दोन दिवस स्केटिंग आणि दोन दिवस कराटे. उरलेल्या दिवशी खाली खेळायला पाठवलं तर अर्ध्या तासात भांडून, रडत वर येतो. सासरे येवल्याचे. ते म्हणतात, "आम्ही दिवसभर उन्हातान्हात असायचो, आम्हाला कुणी खेळायला शिकवलं नव्हतं." ताईंचं विचारणं असं, की खरंच एवढा फरक पडलाय, की म्हातारपणी सगळ्यांनाच आपलं लहानपण गोड वाटतं? आणि आता करायचं काय?

मी नाशकात एका मराठी शाळेत १९९० ते २०२२ अशी बत्तीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. माझं स्वतःचं लहानपण जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात गेलं. मुलगा सिडकोत वाढला आणि नातू आता गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये वाढतोय. त्यामुळे शाळेतलं बघितलं तसं घरातलंही बघितलंय.

फरक पडलाय, तुमचे सासरे खरं सांगतायत. पण ऊन, मोकळीक, मैदान हे जे ते सांगतात, त्याहून मोठा फरक तुमच्याच प्रश्नातल्या एका वाक्यात आहे. मुलगा भांडून रडत वर येतो. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी जे डोळ्यांनी दिसलं ते सांगते. दर जूनमध्ये पाचवीचा नवा वर्ग आला की पहिल्याच तासाला मी सगळ्यांना मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लंगडी घालायला लावायची. जाताना उजव्या पायावर, येताना डाव्या. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ सगळी मुलं गप्पा मारत, एकमेकांना ढकलत जाऊन यायची. मध्येच पाय टेकणारी दोन-चार. २०१० च्या सुमाराला लक्षात यायला लागलं की डाव्या पायावर परत येताना निम्मा वर्ग थांबतोय. करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा याहून वाईट बघितलं. पळता पळता मुलं पडली आणि हात पुढे आलेच नाहीत, थेट हनुवटीवर आपटली. पडताना हात टेकायचे असतात हे कुणी शिकवत नसतं, लहानपणी शंभरदा पडून ते अंगात मुरतं. ही मुलं धडधाकट होती, खातीपिती होती. त्यांचं ते शंभरदा पडणंच राहून गेलं होतं.

मला जास्त खुपायची ती दुसरी गोष्ट. पूर्वी ऑफ तासाला "जा, खेळा" म्हटलं की माझी शिट्टी खिशात जायच्या आत मुलं गोलात उभी राहून, हात पालथे-उताणे टाकत सुटायला लागायची. शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. दोन मिनिटांत खेळ सुरू. नंतरच्या वर्षांत मुलं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायला लागली, "बाई, काय खेळू?" खेळ लावून दिला तर थोड्या थोड्या वेळानं कुणी ना कुणी धावत येणार, "बाई, हा चीटिंग करतोय." खेळ त्यांना माहीत होता. तो चालवायचा कसा, हे माहीत नव्हतं.

वाड्यात तो कसा चालायचा ते सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं आणि वीस-बावीस पोरं. सगळ्यात मोठा चौदाचा, सगळ्यात धाकटी साडेचारची. चौक एवढासा, आजच्या तीन मोटारी कशाबशा मावतील इतका. मैदान म्हणावं असं काही नव्हतंच. संध्याकाळी लगोरी लागायची. फरशीचे सात तुकडे एकावर एक रचायचे, चेंडूनं फोडायचे आणि समोरच्यांनी चेंडू मारून बाद करायच्या आत परत रचायचे. साडेचार वर्षांच्या पोरीला यात काय जमणार? पण तिला वगळायचं नाही, कारण ती कुणाची तरी बहीण आहे आणि तिला सांभाळण्याच्या अटीवरच दादाला खेळायला सोडलंय. मग ती कच्चा लिंबू. तिनं पळायचं, ओरडायचं, लगोरी रचायला बसायचं. तिला चेंडू लागला तरी ती बाद नाही. दोन-तीन वर्षं असं सगळ्यांच्या पायात पायात करत तिला सगळे खेळ पाठ व्हायचे आणि एक दिवस कुणीतरी म्हणायचं, "आता ही पक्की." तो दिवस मला अजून आठवतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा बाद झाले आणि मला केवढा आनंद झाला होता.

कच्चा लिंबू ही युक्ती पोरांचीच. लहानाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यामुळे खेळ बिघडू द्यायचा नाही, या अडचणीवर इतका चांगला तोडगा मी तरी पुढच्या सगळ्या नोकरीत बघितला नाही.

विटीदांडू घ्या. दांडूनं अंतर मोजताना पोरं म्हणायची, वकट, लेंड, मूंड, नाल… तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मराठी बोलणाऱ्या पोरांच्या तोंडी हे आकडे कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आले नाहीत आणि कुणा मोठ्या माणसानं शिकवलेही नाहीत. दहा वर्षांच्यानं सात वर्षांच्याला सांगितले, त्यानं मोठं झाल्यावर पुढच्याला. अर्थ कुणालाच ठाऊक नाही, तरी पिढ्यान्पिढ्या ते पोहोचत राहिले. शाळेत मी शेवटी शेवटी विचारायची, "वकट, लेंडच्या पुढे काय?" वर्ग गप्प. सांगणारा दहा वर्षांचा पोरगाच मधून निघून गेला होता.

तो कुठे गेला? सगळे बोट मोबाइलकडे दाखवतात. मोबाइल खूप नंतर आला. माझ्या डोळ्यांदेखत गल्ल्या रिकाम्या झाल्या त्या त्याच्या आधीच.

एक कारण फारसं कुणी बोलत नाही. मुलंच कमी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. घराघरासाठी ही चांगलीच गोष्ट आहे, आईच्या जिवाला सुख आहे. पण खेळाच्या हिशेबानं बघा. सात बिऱ्हाडांत बावीस पोरं होती, आता चाळीस फ्लॅटमध्ये खेळायच्या वयाची तेवढी निघतील की नाही शंका. त्यातला एक सकाळच्या शाळेत, दुसरा दुपारच्या. एकाची बस गंगापूर रोडहून येते, एकाची नाशिकरोडहून. एक स्केटिंगला, एक अबॅकसला. संध्याकाळी साडेपाचला खाली उतरणाऱ्याला भिडूच भेटत नाही. डबा ऐसपैस दोघांत होत नाही आणि लगोरीला निदान सहा-आठ जण लागतात.

दुसरं कारण वाहनं. १९९१ ला नाशिक शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या थोडी वर होती, २०११ ला जवळजवळ पंधरा लाख. वीस वर्षांत शहर दुपटीहून मोठं झालं. सिडकोत आम्ही राहायला गेलो तेव्हा घरं लहान, पण घरासमोरचा रस्ता पोरांचाच. माझा मुलगा रस्त्यावर विटांचा स्टंप करून खेळायचा आणि स्कूटर आली की सगळे "गाडी!" ओरडून बाजूला व्हायचे. हळूहळू दर दोन मिनिटांनी "गाडी!" व्हायला लागलं. मग दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहायला लागल्या आणि एक दिवस विटा कुणीतरी उचलून कुंडीखाली लावल्या. कुणी बंदी घातली नव्हती. जागा भरत गेली, एवढंच.

त्यात क्रिकेटचीही भर आहे. १९८३ चा विश्वचषक जिंकला आणि आमच्या गल्लीत विटीदांडूचा दांडू बॅट झाला. क्रिकेटवर माझा राग नाही. पण क्रिकेटमध्ये बॅट ज्याची त्याचं राज्य चालतं आणि धाकट्यांच्या वाट्याला दिवसभर फिल्डिंग येते. लगोरीत, विषामृतात, जोडसाखळीत प्रत्येक जण सारखा पळतो.

आणि चौथं कारण तुमच्या वेळापत्रकात आहे. क्लासला मुलं वयानुसार वाटलेली असतात. आठ ते दहा एका बॅचमध्ये, दहा ते बारा दुसऱ्या. तिथे कच्चा लिंबू नाही, त्याला सांभाळणारा दादा नाही. डाव कुणाचा हे सर ठरवतात, चुकलं कुणाचं हेही सरच. मी स्वतः प्रशिक्षण दिलंय, चांगल्या प्रशिक्षकाची किंमत मला माहीत आहे. खो-खोत आठ जण आळीपाळीनं उलट तोंडं करून बसतात, नववा पाठलाग करतो आणि खो मिळताच पुढचा क्षणात उठतो. हे कौशल्य शिकवावंच लागतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपले पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले, तेव्हा मी घरात एकटी उभी राहून टाळ्या वाजवल्या. पण प्रशिक्षण आणि खेळणं ही दोन वेगळी अन्नं आहेत. एकदा क्लासला जाऊन घड्याळ लावून बसा. तासातली किती मिनिटं मूल रांगेत उभं असतं ते मोजा.

आता सासऱ्यांनाही थोडं सांगायला हवं, कारण जुने दिवस सांगताना आपण अर्धेच सांगतो. मी मुलगी होते. माझे भाऊ गोदेच्या घाटावर, पंचवटीत, पार सोमेश्वरापर्यंत भटकून यायचे. मला दिवेलागणीला घरात यावं लागे. बाराव्या वर्षानंतर तर चौकातली लगोरीसुद्धा बंद झाली. "आता शोभत नाही." सागरगोटे ओट्यावर बसून खेळायचे, तेही काम आटोपलं तर. शाळेतल्या बाईंनी हट्टानं खो-खोच्या संघात घेतलं नसतं तर माझं पळणं तिथेच संपलं असतं. माझ्या नातीच्या वयाच्या मुली आज नेटमध्ये गोलंदाजी करताना दिसतात तेव्हा मला जुने दिवस अजिबात परत नको असतात.

दुसरं, आमच्या गल्लीतला एक मुलगा पावसाळ्यात गोदेत बुडाला. तेरा वर्षांचा होता, पोहायला येत होतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय हे बघायला पोरं पुराच्या दिवशीही घाटावर जायची, आईबापांना पत्ता नसायचा. ती गोष्ट वगळून ते दिवस सांगणं मला खोटं वाटतं.

आणि ज्याला शहरातली माणसं "निसर्गात बागडणं" म्हणतात, ते खेड्यापाड्यांत बऱ्याचदा काम असतं. हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक मिळवलं, तेव्हा सगळ्यांनी तिच्या डोंगरातल्या पायपिटीचं कौतुक केलं. मलाही अभिमान आहे. पण पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चालणारी मुलगी खेळत नसते. तिला खेळायला वेळ मिळणं हाही तिचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे आणि १९९२ पासून भारत त्याला बांधील आहे.

तर करायचं काय? माझं सांगणं असं, की मैदान शोधत बसू नका, टोळी जमवा. मैदान हवंच, शाळेला मैदान असावं हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही आहे. ते मिळवण्यासाठी जरूर भांडा. पण आमच्या वाड्यात मैदान नव्हतं, टोळी होती. टोळी असेल तर पार्किंगही पुरतं.

सोसायटीतल्या तीन घरांशी बोला, चौथं आपोआप येईल. एक वेळ ठरवा आणि ती मोडू नका. रोज, निदान आठवड्यातून पाच दिवस, तासभर तरी. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, तो हिशेबही यात बसतो. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या आगेमागे सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात पाचला सोडा. एप्रिल-मेच्या सुट्टीत सकाळी सात ते नऊ. उजेडात सोडा असं मी आग्रहानं म्हणते, कारण आता त्याचा डोळ्यांशी संबंध स्पष्ट दिसलाय. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या काही मुलांना शाळेतच रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं कमी दिसणारा चष्म्याचा नंबर लागला होता, बाकीच्यांत सुमारे ४० टक्क्यांना. औषध नाही, गोळी नाही, फक्त उजेड.

त्या तासासाठी चार क्लासांतले दोन सोडावे लागतील. कोणते ते मुलालाच ठरवू द्या.

वयाची अट घालू नका. सहा ते तेरा सगळी एकत्र. तेरा वर्षांचा आधी नाक मुरडेल. त्याला लहानांचं राज्य चालवायला सांगा, चार दिवसांत तोच सगळ्यांना गोळा करायला लागतो. एक मोठं माणूस बाकावर बसावं, आळीपाळीनं, हातात पुस्तक घेऊन आणि शक्यतो पोरांकडे पाठ फिरवून. त्यानं उठायचं ते रक्त आलं तर, दगड उचलला गेला तर, गाडी आली तर, किंवा एखाद्याला सगळे मिळून रोज छळतायत असं दिसलं तर. डाव कुणाचा, बाद की नाबाद, यासाठी नाही. हे फार जड जातं. मलाही शिक्षिका म्हणून पंधरा वर्षं जड गेलं, मग शिट्टी खिशात ठेवायला शिकले.

आता तुमच्या मुलाचं रडणं. त्याला भांडण्याची सवय नाही, कारण क्लासमध्ये भांडण सरांकडे नेलं की मिटतं. खाली सर नाहीत, म्हणून तो तुमच्याकडे येतो. तो वर आला की तुम्ही खाली जाऊ नका आणि दुसऱ्या मुलाच्या आईला फोन तर मुळीच करू नका. पाणी द्या. विचारा, "राज्य कुणावर होतं?" त्याला सगळी हकिगत सांगू द्या. सांगता सांगताच बहुतेक वेळा त्याला कळतं की राज्य आपल्यावर आलं होतं आणि ते घ्यायचं नव्हतं. त्यालाच आम्ही रडीचा डाव म्हणायचो. तसं त्याला म्हणू नका. दहा मिनिटांनी म्हणा, "अजून उजेड आहे, जा." पहिल्या महिन्यात तो पंधरा वेळा वर येईल. पुढच्या महिन्यात त्यातले बरेच वाद खालीच मिटलेले दिसतील. इतकी मुलं बघितल्यावर हे मी विश्वासानं सांगते.

सासऱ्यांना कामाला लावा. त्यांना पोरांवर लक्ष ठेवायला बसवू नका, खेळ सांगायला बोलवा. आठवड्याला एक खेळ सांगायचा, एकदा खेळून दाखवायचा आणि बाजूला व्हायचं. येवल्याचे आहेत म्हणजे संक्रांतीला पतंगांचं वारं त्यांच्या अंगात येणारच. आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, काढा म्हणावं, पोरांना पतंगाला कन्नी बांधायला शिकवा, ढील कधी द्यायची ते दाखवा. पतंग कठडा असलेल्या गच्चीवर किंवा मोकळ्या माळावर, आणि दोरा साधा सुती. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. तो पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. तो घरात येता कामा नये, शेजाऱ्याच्याही.

पहिल्या आठवड्यासाठी मी डबा ऐसपैस सुचवते, कारण पार्किंगमधले खांब त्याच्यासाठीच बांधल्यासारखे असतात. गाड्या बाहेर काढायची वेळ तेवढी टाळा. खडूनं गोल काढायचा, त्यात डबा. एकानं तो लांब फेकायचा. राज्य ज्याच्यावर आहे त्यानं तो आणून गोलात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं. कुणी दिसला की त्याचं नाव घेऊन "डबा ऐसपैस" म्हणत डबा आपटायचा. पण तो शोधायला लांब गेला आणि मागून येऊन कुणी डबा उडवला, तर सापडलेले सगळे सुटतात आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. आम्ही एकमेकांचे शर्ट घालून खांबाआडून नुसती बाही दाखवायचो. राज्यवाल्यानं चुकीचं नाव घेतलं की सगळा वाडा ओरडायचा, "अंडं फुटलं!"

सहा वर्षांच्यांना आधी कच्चे लिंबू ठेवा, हा नियम मात्र सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकावा. आणि डबा पत्र्याचा घ्या, प्लास्टिकचा नको. उडाला की लपलेल्यांना तिसऱ्या खांबामागे ऐकू आलं पाहिजे.